विवाहपूर्व सत्रात शरीराच्या न्यूनगंडाबद्दल नेमकं काय सांगावं?

रानजाई

लग्न ठरलेल्या आणि नुकतंच लग्न झालेल्या जोडप्यांसाठी दोन तासांचं सत्र आखते आहे. तालुक्याचं गाव, वयं 22 ते 32, मुलं-मुली एकाच हॉलमध्ये. प्रश्न आधीच चिठ्ठ्यांवर, नाव न लिहिता मागवले. गर्भनिरोधन, पाळीच्या तारखा असल्या शंका असतील असं धरून चालले होते, पण मोठा गठ्ठा निघाला तो दिसण्याचा आणि 'जमेल का' याचा. काही चिठ्ठ्या जशाच्या तशा देते:

"व्हिडिओत अर्धा अर्धा तास चालतं. माझं पाच मिनिटांत आटोपलं तर ती काय म्हणेल?"

"तो इन्स्टावर फिटनेसवाल्या मुलींना फॉलो करतो. माझ्या मांड्यांवर स्ट्रेच मार्क आहेत."

"जांघेत आणि खाली काळं आहे. लग्न दोन महिन्यांवर आहे, क्रीम कोणतं?"

"साइज वाढते का? खरं सांगा."

"लाइट बंदच ठेवायचा, असं आधी बोलून घेतलं तर चालेल का?"

'प्रत्येक शरीर सुंदर असतं' छाप वाक्यं मला नको आहेत. ऐकताना माना डोलतात आणि घरी जाऊन क्रीम ऑर्डर होतं. कोणते आकडे पक्के आहेत, हॉलमध्ये करून दाखवता येईल असं काय आहे, आणि जोडप्यांना घरी कोणता सराव द्यावा, हे हवंय. या विषयात काम करणाऱ्यांनी मोकळेपणाने लिहा.

फोकल_लेंथ

चित्राची बाजू मी सांगतो, शरीराची जाणकार सांगतील.

जाहिरातीतलं किंवा रीलमधलं उघडं अंग तीन टप्प्यांत तयार होतं. लोकांना फक्त शेवटचा टप्पा, म्हणजे फोटोशॉप, ठाऊक असतो. पहिला टप्पा शूटच्या आधीचा: काही आठवडे कडक डाएट, शेवटचा दिवस-दीड दिवस पाणी आणि मिठाशी खेळ (हा प्रकार धोकादायक आहे, चक्कर येऊन पडणारे असतात), आणि कॅमेऱ्यासमोर जायच्या आधी रबर बँडने ओढाताण नि जोर. स्नायूंत रक्त भरतं, शिरा वर येतात. हा 'पंप' थोड्या वेळात उतरतो. मग तेल किंवा ग्लिसरीन-पाण्याचा फवारा. दुसरा टप्पा प्रकाशाचा. छताच्या ट्यूबलाइटमध्ये पोट सपाट आणि मऊ दिसतं. तोच दिवा बाजूने, जरा वरून आला की प्रत्येक उंचवट्याची सावली पडते आणि नसलेले कट्स दिसू लागतात. तिसऱ्यात सावल्या हाताने गडद करणं (डॉज अँड बर्न), कंबर आत ढकलणं (लिक्विफाय), आणि त्वचेचा रंग एका थरात नि पोत दुसऱ्या थरात वेगळा काढून डाग पुसणं. हे शेवटचं नीट केलेलं असेल तर रोमछिद्रं तशीच राहतात, म्हणून 'एडिटेड वाटत नाही' या भरवशात अर्थ नाही. मागच्या फरशीच्या किंवा दाराच्या चौकटीच्या रेषा कंबरेजवळ वाकल्यात का पाहा, ही जुनी युक्ती कच्च्या कामालाच लागू पडते. आता फोनमधली ॲपं चालत्या व्हिडिओतही कंबर बारीक करतात.

हॉलमध्ये करायचा प्रयोग: पोट कुणालाच उघडं करायला सांगू नका. कोपरापासून पंजापर्यंतचा हात पुरतो. फोन स्टँडवर, हातापासून दीड मीटरवर, 2एक्स झूम. छताचा लाइट चालू, मूठ सैल, एक फोटो. मग त्याच माणसाला ओला टॉवेल पंचवीस-तीस वेळा पिळायला लावा, हाताला थेंबभर तेल चोळा, छताचा लाइट बंद करा आणि दुसऱ्या फोनचा टॉर्च बाजूने, मनगटाच्या जरा वर धरा. दुसरा फोटो. दोन्ही प्रोजेक्टरवर शेजारी शेजारी लावा. एकच हात, पाच मिनिटांचं अंतर, आणि तरी दोन वेगळी माणसं वाटतात.

हा प्रयोग फसतो तो दोन कारणांनी. बऱ्याच फोनांत 'ब्यूटी' मोड आधीपासून चालू असतो, तो शून्यावर आणा. आणि फोन आपणहून अंधाऱ्या जागा उजळतो, म्हणून सावल्या नाहीशा होतात. स्क्रीनवर बोट दाबून धरून एक्स्पोजर लॉक करा आणि थोडं खाली ओढा.

सेल्फीबद्दल एक आकडा द्याच. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हिशेब मांडला होता: 12 इंचांवरून काढलेल्या फोटोत नाक 5 फुटांवरून काढलेल्या फोटोपेक्षा साधारण 30 टक्के रुंद दिसतं. म्हणजे हातभर अंतरावरून काढलेला चेहरा समोरच्याला तसा दिसतच नसतो. हेच तंत्र पॉर्नमध्ये उलट बाजूने वापरतात. वाइड लेन्स, कॅमेरा खालून आणि जवळ, की लेन्सजवळची गोष्ट मोठी.

डॉ_तळटीप

वरचा प्रयोग जरूर घ्या, पण सत्र तिथे संपवू नका. चित्र बनावट आहे हे कळलं म्हणून त्याचा परिणाम जात नाही. फ्रान्समध्ये ऑक्टोबर 2017 पासून मॉडेलचा बांधा बदललेल्या जाहिरातींवर 'रीटच केलेला फोटो' असं छापावं लागतं, नॉर्वेनेही 2022 पासून तसा कायदा केला. अशा पट्ट्यांवर झालेल्या प्रयोगांत पाहणाऱ्यांची स्वतःच्या शरीराबद्दलची नाराजी फारशी कमी झालेली दिसत नाही. पट्टी वाचून माणूस उलट 'नेमकं काय बदललंय' म्हणून त्या कंबरेकडे आणखी निरखून बघतो.

कारण नुकसान होतं ते दुसऱ्याच जागी. फोटो बघून मनात एक मोजपट्टी तयार होते आणि ती अंथरुणात सोबत येते. माणूस जोडीदारासोबत असतो, पण लक्ष स्वतःकडे बाहेरून बघण्यात: पोट लोंबतंय का, ताठरता टिकतेय का, चेहरा कसा दिसतोय. मास्टर्स आणि जॉन्सन या लैंगिकतेवर काम करणाऱ्या अमेरिकी संशोधकांनी 1970 मध्ये हे स्वतःचाच प्रेक्षक होणं नीट मांडलं, आणि आजही लैंगिक अडचणींच्या उपचारात पहिलं पाहायचं ते हेच. ताठरता यायला लिंगातले मऊ स्नायू सैल पडावे लागतात, तेव्हाच रक्त आत भरतं. धास्तीने ॲड्रेनलिन वाढलं की तेच स्नायू आवळतात. झोप लागली का हे तपासत राहिलं की झोप उडते, तसंच आहे.

बाईच्या बाबतीत जवळून पाहण्यासारखी एक गोष्ट आहे, आणि ती हॉलमध्ये कपड्यांनिशी करून दाखवता येते. सगळ्यांना पोट आत ओढून वीस सेकंद धरायला सांगा. श्वास वरच्या वर, छातीतून होतो. बारकाईने लक्ष दिलं तर जाणवेल की ओटीपोटाच्या तळाचे, म्हणजे लघवी रोखताना आवळतो ते, स्नायूही वर खेचले गेलेत. समागमात पूर्ण वेळ पोट आत धरणारी बाई नकळत हेच करत असते. योनीचं तोंड आवळलेलं, ओलावा कमी, मग दुखतं, आणि दुखलं की पुढच्या वेळी आधीच आवळलं जातं. 'पोट दिसू नये' एवढ्या एका काळजीतून खरोखरचं दुखणं उभं राहतं.

आता आकडे. वेळेचा: 2005 मध्ये पाच देशांतल्या 500 जोडप्यांना स्टॉपवॉच देऊन मोजलं होतं. योनीप्रवेशापासून वीर्यपतनापर्यंतचा मध्यक 5.4 मिनिटं निघाला. अर्ध्या मिनिटापासून 44 मिनिटांपर्यंत सगळं होतं, पण मधली गर्दी तिथेच. म्हणजे 'पाच मिनिटांत आटोपलं तर' लिहिणारा मुलगा बरोब्बर मध्यावर उभा आहे. सुरुवातीपासूनचं शीघ्रपतन म्हणायचं ते जवळपास दर वेळी मिनिटभराच्या आत होत असेल, रोखता येत नसेल आणि त्याचा त्रास होत असेल तेव्हा. व्हिडिओतला अर्धा तास म्हणजे तासन्‌तासांचं शूट, कापून जोडलेलं, आणि पुरुष कलाकार अनेकदा गोळीवर किंवा थेट लिंगात घेतलेल्या इंजेक्शनवर.

लांबीचा: 15,000 हून अधिक पुरुषांची मोजमापं एकत्र केलेला आढावा 2015 मध्ये आला. ही मापं डॉक्टर-कर्मचाऱ्यांनी घेतलेली, घरी स्वतः सांगितलेली नव्हेत. सरासरी लांबी ताठर अवस्थेत 13.12 सेंमी, शिथिल 9.16, ताठर घेर 11.66 सेंमी. मोजायची पद्धत सांगितली नाही तर हे आकडे नवी धास्ती देतात. पट्टी वरच्या बाजूने, जांघेच्या हाडाला टेकेपर्यंत चरबीत दाबायची आणि टोकापर्यंत. न दाबता मोजलं तर पोट सुटलेल्याचे दोन-तीन सेंमी सहज हरवतात. शिवाय स्वतःचं वरून खाली बघितलं की आखूडच दिसतं. दुसऱ्याचं, मग ते पडद्यावर असो की पोहायच्या तलावावर, समोरून दिसतं. शिथिल लांबीवरून ताठर लांबीचा अंदाज येत नाही, थंडीत आणि भीतीत ती आक्रसते. आणि वाढते का? तेल, गोळी, पंप यांनी कायमची वाढत नाही. वजन उतरलं की चरबीत दडलेला भाग बाहेर येतो, एवढंच.

तिसरा आकडा मुलांना सर्वांत जास्त हलवतो. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी पाहणीत, केवळ आत-बाहेर होण्याने ऑर्गॅझम (कामसुखाचा कळस) येतो असं सांगणाऱ्या स्त्रिया 18 टक्क्यांच्या आसपास होत्या. बहुसंख्य बायकांना क्लिटोरिसला (योनीच्या वरच्या बाजूचा संवेदनशील दाणा) स्पर्श लागतो, तो हाताने असो की तोंडाने. लांबी आणि मिनिटं यांचं सगळं गणित इथेच ढिलं होतं. मुली हे ऐकताना खाली बघतात, मुलं वहीत लिहून घेतात. दोन्ही ठीक.

घरच्या सरावाचं स्वतंत्र लिहितो.

पाणवठा

स्त्रीरोगाच्या बाजूने. 'काळं आहे, क्रीम कोणतं' ही चिठ्ठी हलक्यात घेऊ नका, हिच्यातून खरं नुकसान होतं.

जांघ, योनीचे ओठ, गुदद्वाराभोवतीची त्वचा, काख, स्तनाग्रं या जागी रंगपेशी हार्मोनला जास्त प्रतिसाद देतात. वयात आल्यावर त्या गडद होतात, गरोदरपणात आणखी. घर्षण आणि वारंवार शेव्हिंगने भर पडते. लंडनमध्ये 50 स्त्रियांची मोजमापं घेऊन 2005 मध्ये प्रसिद्ध केली होती: आतल्या ओठांची रुंदी 7 मिमीपासून 50 मिमीपर्यंत, आणि बहुतेकींचा तो भाग आजूबाजूच्या त्वचेपेक्षा गडद. सातपट फरक नॉर्मलमध्येच मोडतो. दोन ओठ एकमेकांसारखे नसणं, आतले बाहेरच्यांच्या खाली येणं, हेही. पडद्यावर दिसणारा गुळगुळीत, गुलाबी, एकाच रेषेचा आकार हा निवडलेला, वॅक्स केलेला आणि अनेकदा पुसलेला असतो.

मेडिकलमध्ये सहज मिळणारी उजळवणारी मलमं बहुतेकदा हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोनसारखं स्टेरॉइड यांचं मिश्रण असतात. सरकारने 2018 मध्ये अशी स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये आणली, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत. देतात, हे सगळ्यांना माहीत आहे. जांघेची कातडी पातळ आणि दिवसभर झाकलेली, त्यामुळे स्टेरॉइड तिथे चेहऱ्यापेक्षाही जास्त शोषलं जातं. काही आठवड्यांत कातडी पातळ होऊन लाल-जांभळे चट्टे पडतात, ते पुढे पांढुरके होतात पण जात नाहीत. आधीचा नायटा असेल तर खाज दबते आणि बुरशी आतल्या आत पसरते. लग्नाआधी दोन महिने क्रीम लावलं आणि लग्नात नायटा घेऊन उभी राहिली, हा क्रम दवाखान्यात नेहमीचा.

'इंटिमेट वॉश'बद्दल: योनीचा सामू 3.8 ते 4.5, आम्लधर्मी, आणि आतली सफाई ती स्वतः करते. आत साबण, लिंबू, दही, वॉश काहीही नको. बाहेरून कोमट पाणी पुरे. केस काढायचेच असतील तर ट्रिमरने 3 ते 5 मिमी ठेवून कापा. लग्नाच्या आदल्या दिवशी पहिल्यांदाच ब्राझिलियन वॅक्स करू नका, पुळ्या येऊन चालणंही नकोसं होतं.

मानेवर आणि काखेत मखमलीसारखा जाड काळा पट्टा असेल तर मात्र तो रंगाचा प्रश्न नव्हे. इन्सुलिन नीट काम करत नसल्याची ती खूण असू शकते. उपाशीपोटी साखर, एचबीए1सी (गेल्या तीनेक महिन्यांच्या साखरेची सरासरी), आणि पाळी अनियमित असेल तर पीसीओएसची (अंडाशय-हार्मोनच्या बिघाडाची) तपासणी.

स्ट्रेच मार्क: आधी गुलाबी-जांभळट, वर्षा-दीड वर्षात चंदेरी. क्रीमने पुसले जात नाहीत. वाढीच्या वयात उंची झपाट्याने वाढलेल्या सडपातळ मुलींनाही मांड्यांवर असतात, आणि मुलांनाही, पाठीवर आडवे.

लंगोटबहाद्दर

मुलांसाठी जिमची बाजू थोडक्यात.

सिक्स पॅक ठळक दिसायला पुरुषाची चरबी 10 टक्क्यांच्या आसपास आणावी लागते, स्टेजवरचा बॉडीबिल्डर त्याच्याही खाली जातो. तिथे टिकायचं म्हणजे कायम अर्धपोटी. शरीर मग पहिली काटछाट कामेच्छेत करतं. औषधं न घेणाऱ्या एका बॉडीबिल्डरची वर्षभराची नोंद 2013 मध्ये प्रसिद्ध झाली आहे. स्पर्धेच्या तयारीत त्याचं टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) 9.22 वरून 2.27 नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरवर आलं. पोस्टरवरचं शरीर जितकं 'हॉट', तितका त्या दिवशी मालकाला त्यात रस कमी, हे मुलांना सांगा. हसतील, पण लक्षात राहील.

दुसरं, 'सायकल मारणं', म्हणजे शरीर कमवायला हार्मोनचा कोर्स करणं. बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं की मेंदूकडून वृषणांना जाणारे एलएच आणि एफएसएच हे दोन निरोप बंद पडतात. वृषणं आक्रसतात, शुक्रजंतू घटतात, कधी शून्यावर येतात. कोर्स थांबवल्यावर आतलं उत्पादन लगेच सुरू होत नाही, काही महिने, कधी वर्षभर लागतं, आणि त्याच काळात इच्छा मेलेली, ताठरता ढिली. लग्नाचे फोटो चांगले यावेत म्हणून साखरपुड्याला सुरू करून लग्नाला बंद करणाऱ्याचं टायमिंग नेमकं चुकतं. असं कुणी असेल तर सकाळी 8 ते 10 च्या दरम्यान टेस्टोस्टेरॉन, सोबत एलएच, एफएसएच आणि वीर्यतपासणी. छाती वाढली म्हणून कोचने दिलेली आणखी एक गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नये.

आरसा बाजूला ठेवून एकच माप द्यायचं तर कंबर द्या. भारतीयांसाठी धोक्याची रेषा पुरुषांत 90 सेंमी, स्त्रियांत 80. त्यावर असाल तर आठवड्याला 150 मिनिटं भराभर चालणं आणि दोन दिवस वजनं. ताठरता रक्तवाहिन्यांवर चालते, म्हणून याचा उपयोग पॅक न दिसताही होतो.

तिरपागडे

एवढं काय त्यात? देवळांवरच्या सुरसुंदरींची कंबर तरी कुठे खरी होती? आदर्श शरीर हजार वर्षांपासून दगडात कोरलेलं आहे, तेव्हा कुणाला न्यूनगंड आला नाही. हे शहरी, पाश्चात्त्य खूळ आहे. आणि ज्याला येतो त्याने रेल्वेलाइनच्या कडेच्या भिंतीवरचा नंबर फिरवावा.

डॉ_तळटीप

तिरपागडे, देवळातल्या सुरसुंदरीशी कुणी स्वतःची तुलना करत नाही, कारण ती 'माझ्यासारखी' नसते. शेजारच्या गल्लीतली, त्याच वयाची, त्याच भाषेत बोलणारी मुलगी फिल्टर लावून दिवसातून पन्नासदा समोर येते तेव्हा तुलना होते. आणि पाश्चात्त्य खुळाचं म्हणाल तर फिजीचं उदाहरण बघा. तिथल्या नाद्रोगा प्रांतात टीव्ही 1995 मध्ये पोचला. भरलेलं, दणकट शरीर हीच तिथली सौंदर्याची कल्पना होती. टीव्ही आल्या आल्या आणि नंतर 1998 मध्ये शाळकरी मुलींना एकच प्रश्नावली दिली. खाण्याबाबत बिघडलेल्या वृत्तीचे गुण मिळवणाऱ्या 12.7 टक्क्यांवरून 29.2 टक्क्यांवर गेल्या. वजनासाठी मुद्दाम उलटी करणाऱ्या आधी एकही नव्हत्या, नंतर 11.3 टक्के. तीन वर्षांत.

भिंतीवरच्या नंबराचं: कामशक्ती वाढवण्याच्या औषधाची जाहिरात करणं 1954 च्या जादुई उपायांविषयीच्या कायद्याने गुन्हा आहे. लिंगाचा आकार, स्तनांचा आकार, गोरेपणा वाढवण्याचा दावा औषधाला करता येत नाही, अशी स्वतंत्र यादी (शेड्यूल जे) औषध नियमांत आहे. भिंती रंगतात ती गोष्ट वेगळी.

आता सराव. याला सेन्सेट फोकस म्हणतात. आठवड्यातून दोन-तीनदा, प्रत्येकाला पंधरा-वीस मिनिटं. पहिले दोन आठवडे समागम पूर्ण बंद, स्तन आणि जननेंद्रियंही वर्ज्य. एकाने स्पर्श करायचा, दुसऱ्याने घ्यायचा, मग अदलाबदल. स्पर्श करणाऱ्याने समोरच्याला उत्तेजित करायचं नसतं, स्वतःच्या बोटांना काय लागतंय तेवढंच टिपायचं: गरम-थंड, मऊ-खरखरीत, हलकं-दाबून. लक्ष 'मी कशी दिसतेय' कडे गेलं की ओढाताण न करता परत या तीन जोड्यांपैकी एकीवर आणायचं. दिवसभरात शंभरदा जाईल, शंभरदा आणायचं, सराव तोच आहे. पुढच्या टप्प्यात वर्ज्य जागा उघडतात, पण ताठरता किंवा ऑर्गॅझम हे लक्ष्य नाही. मग दोघांनी एकाच वेळी स्पर्श. मग प्रवेश, पण हालचाल न करता. शेवटी हालचाल. कुठल्याही टप्प्यावर धास्ती वाढली तर एक पायरी मागे.

बिघडतं कुठे? बहुतेक वेळा पहिल्याच आठवड्यात ताठरता छान येते आणि 'आता काय, झालंच' म्हणत बंदी मोडली जाते. की परीक्षा पुन्हा सुरू. बंदी हीच इथली गोळी आहे, ती पूर्ण कोर्स घ्यायची. दुसरं, जोडीदार सारखा 'तू सुंदर आहेस, काळजी करू नकोस' म्हणत राहतो. हेतू चांगला, पण त्याने लक्ष पुन्हा दिसण्यावरच जातं, आणि ऐकणारीला रोज नवा दाखला लागू लागतो. त्याऐवजी जे वाटलं ते सांगावं: 'मानेवरून हात फिरवलास ते बरं वाटलं.'

पहिल्या रात्रीसाठी मित्राने खिशात घातलेल्या गोळीबद्दल सत्रात नक्की बोला. सिल्डेनाफिल (व्हायग्रातलं औषध) इच्छा निर्माण करत नाही, उत्तेजना असेल तरच चालते. भरपेट तेलकट जेवणानंतर उशिरा चालते, म्हणजे लग्नाच्या पंगतीनंतर 'चालली नाही' म्हणून दुसरी घेतली जाते. छातीत दुखण्यावरच्या नायट्रेटसोबत घेतली तर रक्तदाब जीवघेणा खाली जातो. आणि तरुण, निरोगी मुलाला गोळीने जमलं की 'गोळीशिवाय जमणार नाही' हे पक्कं होतं. पहाटेची ताठरता येत असेल आणि एकट्याने अडचण नसेल तर यंत्रणा शाबूत आहे. पहाटेचीही काही महिन्यांपासून गायब असेल तर डॉक्टरकडे: साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, टेस्टोस्टेरॉन. लिंगाच्या धमन्या हृदयाच्या धमन्यांपेक्षा बारीक, म्हणून बिघाड इथे आधी कळतो.

रानजाई

हे सोन्यासारखं आहे. दोन अडचणी. यांतली बरीच जोडपी दोन खोल्यांत, सासू-सासरे-दीर यांच्यासोबत राहणार. वीस वीस मिनिटं दार लावून बसणं अवघड. आणि लाइटच्या चिठ्ठीला काय उत्तर देऊ?

डॉ_तळटीप

पहिल्या टप्प्याला कपडे काढावेच लागत नाहीत. हात, चेहरा, केस, पाठ, पावलं. दहा मिनिटांचे दोन डाव केले तरी चालतं, पंख्याचा आवाज कामाला येतो. फक्त फोन खोलीबाहेर किंवा बंद. नोटिफिकेशन वाजली की सगळं लक्ष तिकडे.

लाइटबद्दल: 'बंदच ठेवू' हे मान्य करावं, पण कायमचं नाही. अंधारात धास्ती तेवढ्यापुरती कमी होते आणि 'उजेडात बघितलं असतं तर काय झालं असतं' हा प्रश्न तसाच राहतो. पायऱ्या करा. आधी दाराच्या फटीतून येणारा उजेड, मग कोपऱ्यात झिरोचा बल्ब, मग टेबललॅम्प भिंतीकडे वळवून. अंगावर आधी टी-शर्ट, मग नुसती चादर, मग चादर कमरेपर्यंत. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, उजेड वाढवला त्या दिवशी चादर तशीच. आणि एका पायरीवर कंटाळा येईपर्यंत थांबायचं. धीर करून उडी मारली की दुसऱ्या दिवशी पुन्हा अंधार.

एकट्याने करायचा आरशाचा सरावही सांगा. मोठा आरसा, आधी अंगभर कपड्यांत. केसांपासून पावलांपर्यंत क्रमाने, पंधरा मिनिटं, वर्णन मोठ्याने, पण विशेषणं फक्त आकार, रंग, पोत यांची. 'पोट बेढब' चालणार नाही, 'बेंबीखाली आडवी घडी, रंग दंडापेक्षा उजळ' चालेल. नावडत्या जागेवर जास्त थांबायचं नाही आणि ती टाळायचीही नाही.

एखादी व्यक्ती दिवसाला तासाहून अधिक वेळ एकाच दोषात अडकलेली असेल, आरसा सारखा तपासत किंवा पूर्ण टाळत असेल, दोष इतरांना दिसतही नसेल, तर तिला यातलं काही देऊ नका. तो बॉडी डिसमॉर्फिक डिसऑर्डर असू शकतो. त्यावर सर्जरीने समाधान होत नाही, काळजी दुसऱ्या अवयवावर सरकते. मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवा. गावात कुणी नसेल तर सरकारची टेली-मानस हेल्पलाइन 14416, मराठीतही बोलतात.

पाणवठा

नुकतंच लग्न झालेल्या जोडप्यांत बाळंत झालेल्याही असतील, त्यांच्यासाठी भर. नट्यांचे सहा आठवड्यांतले 'पूर्ववत' फोटो फिरतात, पण गर्भाशयालाच मूळ आकारावर यायला सहा आठवडे लागतात. पोटाचे स्नायू मधून फाकलेले आहेत का ते घरी बघता येतं: उताणं, गुडघे वाकवून, डोकं जरा उचलायचं आणि बेंबीच्या वर-खाली बोटं आडवी ठेवायची. दोन बोटांहून जास्त फट असेल तर क्रंचेस नकोत, आधी फिजिओथेरपिस्ट.

स्तनपान चालू असताना इस्ट्रोजेन कमी असतं, योनी कोरडी राहते. नवऱ्याला वाटतं हिला आता मी नको, तिला वाटतं माझंच शरीर बिघडलं. पाण्याचा आधार असलेलं वंगण वापरा. घरात खोबरेल तेल असतंच आणि बरेच जण तेच घेतात, पण लेटेक्सचा कंडोम तेलाने कमकुवत होऊन फाटतो. कंडोम वापरत असाल तर तेल नाही.

फोकल_लेंथ

फोनबद्दल राहिलं. कॅनडात 17 ते 25 वयाच्या 220 जणांवर केलेला प्रयोग 2023 मध्ये आला. ज्यांनी तीन आठवडे सोशल मीडिया दिवसाला तासभरावर आणला त्यांचं स्वतःच्या दिसण्याबद्दलचं मत सुधारलं. नुसतं अनफॉलो करून भागत नाही, कारण ॲप तुम्ही कुठल्या रीलवर किती थांबलात तेही धरतं. नको त्या रीलवर थांबून चिडून कॉमेंट करण्याऐवजी 'नॉट इंटरेस्टेड' दाबा आणि पुढे सरका.

डॉ_तळटीप

रानजाई, सत्रातल्या चिठ्ठ्यांची एक व्यवस्था. हॉलमध्ये पुन्हा मागवणार असाल तर सगळ्यांना एकाच रंगाचं पेन आणि एकाच मापाचा कागद द्या, आणि ज्याला प्रश्न नाही त्यानेही 'प्रश्न नाही' असं लिहून घडी घालून टाकायची. नाहीतर कोण लिहितंय हे शेजारच्याला दिसतं आणि फक्त गर्भनिरोधनाचेच प्रश्न येतात. वाचताना 'माझा नवरा', 'माझी होणारी बायको' हे शब्द गाळून वाचा. जोडीदार त्याच रांगेत बसलेला असतो.

रानजाई

हे सुचलं नव्हतं. कागद कापायला बसते.